दक्षिण मुंबई लोकसभा : पाटी एकच, मतदारसंघ निरनिराळे

मतपेटी

दक्षिण मुंबईचा एक तक्ता सध्या सगळीकडे फिरतोय. १९५२ पासून २०२४ पर्यंतचे खासदार एकाखाली एक मांडलेत आणि खाली निष्कर्ष काढलाय की काँग्रेसचा, त्यातही देवरांचा गड २०१४ साली शिवसेनेने सर केला. तक्त्यातली नावं बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र टिकत नाही, कारण 'दक्षिण मुंबई' या पाटीखालचा भूभाग आणि मतदार दर पुनर्रचनेत बदलत गेले. त्याची नीट उकल एका जागी असावी म्हणून हा धागा.

आधी नावं. १९५२, १९५७ आणि १९६२ ला मतदारसंघाचं नाव 'मुंबई शहर दक्षिण' होतं आणि तिन्ही वेळा स. का. पाटील निवडून आले. १९६७ ला नाव 'मुंबई दक्षिण' झालं आणि जॉर्ज फर्नांडिसांनी पाटलांना हरवलं. पाटील तेव्हा केंद्रात रेल्वेमंत्री होते, त्याआधी तीन वेळा मुंबईचे महापौर राहिलेले. जॉर्ज महापालिकेतले नगरसेवक आणि कामगार पुढारी. १९७१ ला काँग्रेसचे डॉ. कैलास. त्याच निवडणुकीत नवल टाटा इथून अपक्ष उभे होते आणि पडले. १९७७ आणि १९८० ला जनता पक्षाचे रतनसिंह राजदा. पुढे १९८४, १९८९, १९९१ ला मुरली देवरा. १९९६ ला भाजपच्या जयवंतीबेन मेहता, १९९८ ला परत देवरा, १९९९ ला परत मेहता. २००४ आणि २००९ ला मिलिंद देवरा. २०१४, २०१९, २०२४ ला अरविंद सावंत.

आता हद्दी. १९७७ पासून २००४ पर्यंतच्या निवडणुका १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या हद्दींत झाल्या. त्या मतदारसंघात कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाउस आणि मलबार हिल असे सहा विधानसभा मतदारसंघ होते. २००८ च्या पुनर्रचनेला २००१ च्या जनगणनेचा आधार होता. तिच्यानंतरच्या दक्षिण मुंबईत वरळी, शिवडी, भायखळा, मलबार हिल, मुंबादेवी आणि कुलाबा आहेत, अनुक्रमांक १८२ ते १८७.

दोन्ही याद्यांत सहा-सहा नावं दिसतात म्हणून थोडाफार फेरफार झाला असं वाटतं. झालं ते बरंच मोठं. मुंबई शहर जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा १७ वरून १० वर आल्या आणि उपनगर जिल्ह्याच्या १७ वरून २६ झाल्या. जुनी अख्खी दक्षिण मुंबई दाबून साधारण तीन जागांत बसवली आणि उरलेल्या तीन जागांसाठी वरचा गिरणगाव खाली ओढला. म्हणून २००४ आणि २००९ या ओळींच्या मध्ये जाड रेघ मारल्याशिवाय हा तक्ता कुणाला दाखवू नये.

खेतवाडी१२

मुद्दा पटला. पण मग २००९ च्या आधीची तुलना करायची कशाशी? जुन्या 'दक्षिण मध्य'चे आकडे यात मिळवायचे का?

गिरणगाव

खेतवाडी, हो, मिळवायलाच हवेत. आजच्या दक्षिण मुंबईला दोन पूर्वज आहेत. एक मतपेटी यांनी दिलेली पाटील-जॉर्ज-राजदा-देवरा-मेहता ही ओळ. दुसरी ओळ जुन्या 'मुंबई दक्षिण मध्य'ची. त्यात वरळी, परळ, शिवडी, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव होते. तिथला इतिहास अगदी वेगळा आहे आणि तो या तक्त्यांतून साफ गळतो.

गिरणी कामगारांच्या या पट्ट्यातून १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत श्रीपाद अमृत डांगे 'मुंबई शहर मध्य' मधून निवडून आले. तो दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे जी. के. माने आले. १९६७ ला डांगे पुन्हा आले, पण मतदारसंघाचं नाव तेव्हा 'मुंबई मध्य दक्षिण'. इथे एक खड्डा आहे, जपून चाला: 'मध्य दक्षिण' आणि 'दक्षिण मध्य' हे दोन वेगळे मतदारसंघ आहेत. पहिला १९७७ च्या आधीचा, दुसरा १९७७ नंतरचा. नावं इतकी सारखी दिसतात की लोक टंकलेखनातली चूक समजून एकत्र करून टाकतात.

शेजारच्या 'मुंबई मध्य' मध्ये १९७१ ला रा. धों. भंडारे निवडून आले होते. ते बिहारचे राज्यपाल झाल्यावर जानेवारी १९७४ ला पोटनिवडणूक लागली. दलित पँथरने बहिष्कार पुकारला, वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल उसळली, आणि निवडून आल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे, म्हणजे डांग्यांच्या कन्या. नुसत्या सार्वत्रिक निवडणुकांचा तक्ता केलात तर हे पानच गहाळ होतं. पोटनिवडणुका वेगळ्या शोधून घालाव्या लागतात.

दक्षिण मध्य : १९७७ ला रिपब्लिकन पक्षाचे बी. सी. कांबळे, १९८० ला काँग्रेसचे आर. आर. भोळे. मग १९८४. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट, राज्यात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला, आणि त्या लाटेत इथून डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप कामगार हरले होते, तरी मतदान त्यांनी आपल्या पुढाऱ्यालाच केलं. १९८९ ला शिवसेनेचे वामनराव महाडिक, आणि १९९१ ते २००४ सलग पाच वेळा मोहन रावले.

तेव्हा 'शिवसेनेने २०१४ साली दक्षिण मुंबई घेतली' हे वाक्य वरळी-शिवडीच्या मतदारापुढे म्हणून पाहा. तो १९८९ पासून सेनेचाच खासदार पाठवत होता. मध्ये फक्त २००९ चा अपवाद.

मतपेटी

गिरणगाव, ही दुसरी ओळ मूळ लेखात घ्यायलाच हवी होती. धन्यवाद. १९८० बद्दल एक भर घालतो. त्या साली देशात इंदिरा गांधी परत आल्या, पण मुंबईत सहापैकी पाच जागा जनता पक्षाला गेल्या आणि काँग्रेसला मिळाली ती नेमकी ही दक्षिण मध्यची. दक्षिण मुंबईत राजदांपुढे तेव्हा मुरली देवरा हरले होते. काँग्रेसचा 'परंपरागत गड' म्हणतात तो प्रत्यक्षात १९८४ नंतरचा, आणि १९९६ पासून तर मेहता, देवरा, मेहता असा आलटून पालटून. २००४ ला मिलिंद देवरा जिंकले तेही दहा हजारांच्या आसपास मताधिक्याने.

शून्यप्रहर

१९५२ ला डॉ. आंबेडकर मुंबईतून हरले तो मतदारसंघ यात कुठे बसतो? काही तक्त्यांत तो दक्षिण मुंबईच्या नावावर टाकलेला दिसतो.

पत्रक२०

तो 'मुंबई शहर उत्तर'. 'मुंबई शहर दक्षिण'शी त्याचा संबंध नाही, तिथे त्याच वेळी स. का. पाटील जिंकले. पण तो निकाल वाचायची पद्धत माहीत असायला हवी, कारण जुने आकडे वाचताना सर्वात जास्त चुका तिथेच होतात.

मुंबई शहर उत्तर दोन सदस्यांचा मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मुख्य उमेदवारांची मतं अशी:

विठ्ठल बाळकृष्ण गांधी, काँग्रेस : १,४९,१३८
अशोक मेहता, समाजवादी : १,३९,७४१
नारायण सदोबा काजरोळकर, काँग्रेस : १,३८,१३७
डॉ. आंबेडकर, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन : १,२३,५७६
डांगे, कम्युनिस्ट : ९६,७५५

निवडून आले गांधी आणि काजरोळकर. मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मतं होती, तरी ते पडले. कारण राखीव जागा आधी ठरायची: अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी. मग उरलेल्यांत जो पुढे तो दुसऱ्या जागेवर. म्हणजे मेहतांची लढत गांधींशी होती आणि आंबेडकरांची काजरोळकरांशी. चारही जणांना एका उतरंडीत लावून 'पहिले दोन विजयी' असं सूत्र घातलंत की संगणक मेहतांना खासदार करून मोकळा होतो.

मतदान कसं व्हायचं तेही पाहा. त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं: काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचं कणीस-विळा. मतदार चिठ्ठी घेऊन आत जायचा आणि हव्या त्या पेटीत टाकायचा. दोन सदस्यांच्या मतदारसंघात हातात दोन चिठ्ठ्या, आणि दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरली जायची, दुसरी बाद. समाजवादी आणि फेडरेशन यांची युती होती, म्हणजे त्यांच्या मतदाराने एक चिठ्ठी झाडाला आणि एक हत्तीला द्यायची होती. आता वजाबाकी करा. मेहतांपेक्षा आंबेडकरांना १६,१६५ मतं कमी आणि काजरोळकरांपासून ते मागे १४,५६१ ने. युतीची मतं पुरती पोचली असती तर निकाल फिरला असता, इतकी ही दरी मोठी आहे. त्यातच सत्तर हजारांहून अधिक मतं बाद झाली. मतं वाया घालवण्याचा प्रचार झाला असा आक्षेप घेऊन आंबेडकर आणि मेहता यांनी मिळून निवडणुकीला आव्हान दिलं. ते फेटाळलं गेलं.

टक्केवारीबाबत सावध राहा. अशा मतदारसंघात दर मतदाराची दोन मतं, म्हणून वैध मतांची बेरीज मतदारांच्या संख्येपुढे जाऊ शकते. मतदानाचं प्रमाण काढायचं तर मतांना दोनने भागावं लागतं, आणि तरीही ते अंदाजेच येतं, कारण काहीजण एकच चिठ्ठी टाकून बाहेर येत. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले. १९६२ पासूनचे आकडे सरळ वाचता येतात.

शून्यप्रहर

मेहतांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. माझ्या तक्त्यात 'जास्त मते असून पराभूत' ही नोंद चूक समजून मी पुसली होती. परत घालतो.

खेतवाडी१२

पत्रक२०, तुमच्या नावावरूनच विचारते. नमुना २० वापरून विधानसभानिहाय आकडे काढायचे तर नेमकं काय करायचं? निवडणूक आयोगाच्या अहवालात बहुतेक ठिकाणी अख्ख्या मतदारसंघाची बेरीजच सापडते.

पत्रक२०

खेतवाडीताई, क्रमाने सांगतो.

नमुना २० म्हणजे अंतिम निकालपत्रक. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते विधानसभा मतदारसंघनिहाय मिळतं, म्हणजे दक्षिण मुंबईसाठी सहा फायली. प्रत्येक ओळ म्हणजे एक मतदान केंद्र. आडव्या रकान्यांत उमेदवारांची मतं, मग वैध मतांची बेरीज, नाकारलेली मतं, नोटा, एकूण, आणि शेवटी प्रदत्त मतं, म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेल्यावर मतदाराने वेगळ्या मतपत्रिकेवर दिलेली.

पहिलं काम: प्रत्येक फाईलच्या शेवटी छापलेली बेरीज बाजूला लिहून ठेवा आणि ओळींची बेरीज स्वतः करा. फायली बऱ्याचदा कागद स्कॅन करून चढवलेल्या असतात. त्या अक्षरओळखीतून काढल्या की ३ चा ८ होतो, शून्य गळतो, आणि पान बदलताना 'पुढे नेले' ही ओळ केंद्र समजून मोजली जाते. बेरीज दुपटीच्या आसपास आली तर हेच झालंय असं समजा.

दुसरं: सहा फायलींची बेरीज जाहीर निकालाशी जुळणार नाही. टपाली मतं विधानसभानिहाय मोजली जात नाहीत. ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलावर अख्ख्या लोकसभा मतदारसंघासाठी मोजतात आणि पत्रकात वेगळी येतात. फरक तेवढाच निघाला तर काम बरोबर. त्याहून वेगळा निघाला तर एखादं पान सुटलंय. आणि टपाली मतं किरकोळ म्हणून सोडू नका. २०२४ ला वायव्य मुंबईत यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४ होते, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मतं वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. निकाल : वायकर ४८ मतांनी विजयी. नुसत्या केंद्रनिहाय फायली बेरजेला घेतल्या तर त्या मतदारसंघाचा खासदारच बदलतो.

तिसरं: केंद्र क्रमांकावर दोन निवडणुका जोडू नका. एका केंद्रावर साधारण १,५०० मतदारांची मर्यादा होती, ती २०२५ मध्ये १,२०० ठरवली गेली. प्रत्येक वेळी केंद्रं फुटतात, जोडली जातात, क्रमांक पुढे सरकतात. २०१९ चं ८७ आणि २०२४ चं ८७ हे दोन वेगळे रस्ते असू शकतात. जोडायचंच तर मतदार यादीच्या भागाच्या पहिल्या पानावर इमारती आणि गल्ल्या दिलेल्या असतात, त्यावरून जोडा. कष्टाचं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

चौथं: पक्षाच्या नावावर बेरीज करताना चिन्हाचा इतिहास पाहा. १९७७ ला जनता पक्षाचे उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढले, म्हणून अधिकृत तक्त्यात राजदांपुढे लोकदल दिसतं. आणि फेब्रुवारी २०२३ च्या आयोगाच्या निर्णयानंतर 'शिवसेना' आणि धनुष्यबाण शिंदे गटाकडे आहे. २०१९ ला अरविंद सावंत 'शिवसेना', २०२४ ला 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' आणि मशाल. २०२४ ला 'शिवसेना' या नावापुढे आहेत यामिनी जाधव. पक्षाच्या रकान्यावर आंधळेपणाने आलेख काढला की विजेता आणि पराभूत यांची अदलाबदल होते.

चाळ क्रमांक ९

मतदानाच्या टक्केवारीवर कुणी बोललं नाही. २००९ ला ४०.३७ टक्के, २०२४ ला ५०.०६. दर वेळी 'श्रीमंत मतदार घराबाहेर पडत नाही' एवढं एकच कारण छापून येतं. ते पुरेसं नाही.

२००९ चं मतदान ३० एप्रिलला, गुरुवारी झालं. शुक्रवारी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. चार दिवसांची सलग सुट्टी, शाळांना सुट्टी लागलेली. गिरगाव-लालबागची माणसं कोकणात, मुंबादेवी-भुलेश्वरची गुजरात-राजस्थानात. २०२४ ला २० मे, सोमवार, मागे शनिवार-रविवार, आणि उन्हाचा कहर. तारीख न पाहता टक्केवारीची तुलना म्हणजे अर्धवट काम.

दुसरं कारण भाजकात आहे. टक्केवारी काढतात ती यादीतल्या नावांवर, आणि दक्षिण मुंबईची यादी फुगलेली असते. वरळीच्या किंवा ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळी, लालबाग-परळच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी म्हाडाला उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती पुनर्विकासाला गेल्या की रहिवासी संक्रमण शिबिरात किंवा भाड्याने दूर उपनगरात जातात. नाव मात्र जुन्या पत्त्यावर राहतं, आणि ते राहावं अशीच बऱ्याच जणांची इच्छा असते कारण परत तिथेच यायचं आहे. काहीजण मतदानाला येतात, बरेचसे येत नाहीत. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी, गैरहजर, स्थलांतरित, मृत अशी वेगळी यादी करतो, पण ती नावं त्या दिवशीच्या भाजकातून वजा होत नाहीत. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ३३,३८,०३१ होती, ती २०११ ला ३०,८५,४११ झाली. वस्ती घटते आहे आणि यादीतली नावं त्या वेगाने कमी होत नाहीत.

म्हणून केंद्रनिहाय टक्केवारी पाहताना एखाद्या केंद्रावर ती एकदम तीसच्या खाली दिसली तर उदासीनतेवर लेख लिहिण्याआधी तिथली इमारत उभी आहे का ते बघा.

सुधा_ताडदेव

अगदी बरोबर. नाव हलवायचं असेल तर नमुना ८, मृत किंवा कायमचं गेलेल्याचं नाव कमी करायला नमुना ७, नव्याने घालायला नमुना ६. सोसायट्यांच्या सचिवांनी ताबा मिळाल्याबरोबर नमुना ८ एकगठ्ठा भरून घेतले तर हा घोळ निम्मा होईल. ताबा मिळतो तेव्हा वीज आणि गॅसच्या जोडण्यांसाठी सगळे कागद हाताशी असतातच, त्याच वेळी हे करून टाकावं.

उत्तरपत्रिका

२००९ बद्दल. मिलिंद देवरा २,७२,४११, मनसेचे बाळा नांदगावकर १,५९,७२९, सेनेचे मोहन रावले १,४६,११८. दोन्ही सेनांची बेरीज ३,०५,८४७, म्हणजे देवरांपेक्षा ३३,४३६ जास्त. नव्या हद्दीत काँग्रेस मुळातच मागे होती आणि फुटीमुळे १,१२,६८२ च्या मताधिक्याने जिंकली. पुनर्रचनेने काय केलं ते या एका बेरजेत दिसतं.

गिरणगाव

दिशा मान्य, बेरीज सरसकट मान्य नाही. नांदगावकर शिवडीच्या बाजूचे, त्यांचं स्वतःचं वजन होतं. त्यांची सगळी मतं मनसे नसती तर रावलेंना गेली असती असं धरता येत नाही. बरेचसे पाच वेळच्या खासदाराला कंटाळूनच तिकडे गेले होते. मनसे नसती तर त्यातले काही घरी बसले असते, काही देवरांकडेही गेले असते. २०१४ ला मनसेचे नांदगावकर पुन्हा उभे होतेच, ८५ हजारांच्या आसपास मतं घेतली, अनामत गेली, आणि तरी सावंत सव्वा लाखाहून अधिक मतांनी जिंकले. म्हणजे फूट एवढं एकच कारण नव्हतं. मोदी लाट होती, आणि मलबार हिल-कुलाब्याचा जो गुजराती-मारवाडी मतदार मुरली देवरांना वैयक्तिक ओळखीवर मत द्यायचा तो युतीकडे गेला.

उत्तरपत्रिका

हे बरोबर धरलंत. 'मागे होती' याऐवजी 'मागे पडण्याच्या बेतात होती' म्हणतो. अनामतीचा हिशेबही इथे देऊन ठेवतो, कारण त्यातही चुका होतात: एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं हवीत, आणि नोटा वैध मतांत धरत नाहीत. नोटा धरून भागाकार केला की सीमेवरचा उमेदवार उगाच अनामत गमावलेला दिसतो.

मतपेटी

आता ज्यासाठी धागा काढला तिथे येतो, २०१९ आणि २०२४.

२०१९ : सावंत ४,२१,९३७, मिलिंद देवरा ३,२१,८७०. मताधिक्य १,००,०६७.
२०२४ : सावंत ३,९५,६५५, यामिनी जाधव ३,४२,९८२. मताधिक्य ५२,६७३.

वरवर पाहिलं तर खासदार तोच, त्याची २६,२८२ मतं कमी झाली, समोरच्याची २१,११२ वाढली. वर्तमानपत्री भाषेत 'मताधिक्य निम्म्यावर'. आता पत्रक२० यांनी सांगितल्याप्रमाणे सहा फायली उघडा. २०१९ ला सावंतांची आघाडी मलबार हिल, वरळी, शिवडीतून आली आणि मुंबादेवी, भायखळ्यात देवरा पुढे होते. २०२४ ला मलबार हिलमध्ये सावंत चाळीस हजारांहून जास्त मतांनी मागे पडले, कुलाब्यातही मागे, आणि मुंबादेवी-भायखळ्याने त्यांना दोन्हीकडे चाळीस हजारांच्या आसपास किंवा वर आघाडी दिली. यामिनी जाधव २०१९ पासून भायखळ्याच्याच आमदार होत्या. ज्या भायखळ्यात २०१४ ला एमआयएमचे वारिस पठाण १,३५७ मतांनी जिंकले होते, तिथून मशालीला एवढी आघाडी मिळणं हा या मतदारसंघाच्या इतिहासातला मोठा उलटफेर आहे.

वरळीत सावंतांची आघाडी फक्त ६,७१५ होती. सेनेचा हक्काचा समजला जाणारा भाग दोन सेनांत जवळपास मधोमध फुटला.

म्हणजे नकाशा जवळजवळ उलटा झाला आणि खासदार तोच राहिला. बेरजेत २६ हजारांचा फरक दिसतो, पण त्याखाली लाखभर तरी मतांची उलथापालथ आहे. वर हद्द बदलली आणि पाटी तीच राहिली. इथे हद्द तीच, उमेदवार तोच, आणि त्याच्यामागचा मतदार बदलला. नुसती विजेत्यांची यादी दोन्ही गोष्टी झाकते.

सुधा_ताडदेव

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेशी ताडून पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. वरळी आदित्य ठाकरे, शिवडी अजय चौधरी, भायखळा मनोज जामसुतकर, तिन्ही मशाल. मुंबादेवी अमीन पटेल, काँग्रेस. मलबार हिल मंगलप्रभात लोढा आणि कुलाबा राहुल नार्वेकर, भाजप. लोकसभेला जिथे जो पुढे होता तिथे तीच आघाडी सहाच्या सहा ठिकाणी जिंकली. राज्यात महायुतीची लाट आलेली असताना हे घडलं. वरळीत आदित्य ठाकरे ८,८०१ मतांनी आले, आणि समोर होते मिलिंद देवरा, धनुष्यबाणावर.

शून्यप्रहर

आदित्य ठाकरेंचे ८,८०१ आणि लोकसभेतले ६,७१५ म्हणजे वरळीत आघाडी वाढली असं म्हणावं का?

पत्रक२०

म्हणू नका. विधानसभेला मनसेचा उमेदवार वेगळा उभा होता, लोकसभेला मनसेने महायुतीला पाठिंबा दिला होता. उमेदवारांचा संच बदलला की मताधिक्याची तुलना होत नाही. दोन्ही वेळची मशालीची मतं एकूण मतदानाच्या टक्क्यांत काढा आणि ती शेजारी ठेवा.

खेतवाडी१२

पुढची पुनर्रचना झाली की पुन्हा जाड रेघ मारावी लागणार ना?

मतपेटी

लागेल. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे आल्यावर ती होऊ शकते, आणि शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटली असताना उपनगराची ९३ लाखांच्या पुढे गेली होती. त्यामुळे शहराच्या दहा जागा तशाच राहतील असं वाटत नाही. दक्षिण मुंबई आणखी वर सरकली तर माहीम-वडाळ्याकडची मतं यात येतील आणि मग तिसरा पूर्वजही शोधावा लागेल.

त्याआधी करण्यासारखं काम एकच: २००९, २०१४, २०१९, २०२४ चे सहाही विधानसभा मतदारसंघांचे नमुना २० आणि त्या त्या वेळच्या यादी भागांची पहिली पानं उतरवून ठेवणं. चार निवडणुका गुणिले सहा, चोवीस फायली. संकेतस्थळाची मांडणी बदलली की जुने दुवे तुटतात. मलबार हिल आणि कुलाबा मी घेतो. गिरणगाव, वरळी-शिवडी तुमच्याकडे?

गिरणगाव

घेतो. भायखळाही द्या. जुन्या चिंचपोकळी-नागपाड्याच्या गल्ल्या जुळवायच्या तर ते एकाच हाताने झालेलं बरं.

खेतवाडी१२

मुंबादेवी माझ्याकडे. उमरखाडी आणि खेतवाडीचे २००४ चे भागही मिळतात का बघते.